जुलाबाची गोळी

आबा, आज दुकानात एक गोष्ट झाली आणि ती तुम्हालाच सांगायची आहे. दुसऱ्या कुणाला सांगितली तर नाक मुरडतील, विषय पोटाचा आहे.

दुपारी राधानगरीकडचा एक माणूस आला. काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, "ताई, जुलाबाची गोळी द्या." तुम्ही गेलात तरी कपाटावर तुमच्या अक्षरातला कागद अजून आहे: थांबवायची की व्हायची? मी विचारलं. तो हसला. "थांबवायचीच की. आत्तीला सकाळपास्नं पातळ व्हायलंय. जरा जरा, पर सारखं." मी स्ट्रिप काढलीसुद्धा. मग तुमच्या सवयीनं विचारलं, आणखी कुठली औषधं चालू आहेत? त्यानं पिशवीतून चिठ्ठी काढली. आत्तीचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं, आणि दुखण्यावर जोराची, अफूच्या जातीची गोळी चालू. "त्याआधी साफ कधी झालं होतं?" "साफ? ऑपरेशन झाल्यापास्नं न्हाय. पाच दिस झालं की."

तुम्ही सायकलच्या ट्यूबमध्ये गोटी घालून ती बोटांनी मागून दाबत दाबत पुढं नेऊन दाखवली होतीत. आतडं असं चालतं म्हणालात, "आन् ही दुखायची गोळी बोटांस्नी झोप आणती." आबा, मला ती ट्यूबच दिसली. आत्तीच्या पोटात मळ घट्ट अडकला असणार आणि पातळ तेवढं कडेनं गळत असणार. थांबवायची गोळी दिली असती तर उरलीसुरली हालचालही गेली असती. मी त्याला तसं सांगून स्ट्रिप परत ठेवली आणि तिच्या डॉक्टरांना फोन लावला. लगेच घेऊन या, म्हणाले. संध्याकाळी त्या माणसाचा फोन आला, अर्ध्या शाहूपुरीला ऐकू जाईल असा. "ताई, तुमी म्हनला तसंच निघालं. मोकळं झालं बघा! आत्ती प्यायला च्या मागायलीया." मी काउंटरमागं एकटीच हसत उभी. अजून हसू जात नाही.

तो कागद तुम्ही लावलात त्या दिवशी मी डिप्लोमा करून नुकतीच दुकानात बसायला लागले होते. तुम्ही जेवायला गेला होतात. गगनबावड्याच्या एका पावण्यानं अशीच जुलाबाची गोळी मागितली, मी थांबवायची दिली. स्टँडवरनं तो परत आला, तोवर तुम्ही आला होतात. "मालक, आईला चार दिस झाल्यालं न्हाय. हिनं किती तासांत हुईल?" तुम्ही गोळी बघितलीत, मग मला म्हणालात, "इचारलंतीस का?" मी हो म्हणाले. मग तुम्ही त्याच्यावरच डाफरलात. "पोरीनं इचारल्यावर नीट सांगाय नगो व्हय, पावणं?" त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं. "चुकलं की माझं," म्हणाला आणि बदललेली गोळी घेऊन गेला. लोकांना सांगता येत नाही, असं म्हणत तुम्ही तो कागद लिहिलात.

हे पत्र जुन्या चिठ्ठ्यांच्या खणात राहील. आज तुमच्याकडून शाबासकी हवी म्हणून लिहायला बसले, तेव्हा हेही लिहायला हवं. त्या दिवशी मी त्याला काहीच विचारलं नव्हतं.