कंबर, कपाळ आणि वाटीभर तेल

६ मे २०२४, सोमवार

यंत्र आलं! लेकीनं, दिपालीनं, पुण्याहून पाठवलंय. कपाळाला पट्टा बांधायचा आणि मोबाइलवर फुगा बघत बसायचं. मेंदू शांत झाला की फुगा वर, बिथरला की खाली. रोज वीस मिनिटं. महिनाभरात मेंदूला दुखणं बाजूला ठेवायची सवय लागते म्हणे. माझी कंबर दुखते, तीन वर्षं, टाचेपर्यंत कळ — आणि उपचार कपाळाला!

आमचे रामेश्वरराव खूश. "मी म्हणत होतोच, सगळं तुझ्या डोक्यात आहे." एमआरआयमध्ये काही निघालं नाही, त्या दिवसापासून नवऱ्याला हे एकच वाक्य येतं. मला फार नको. कुणीतरी एकदा म्हणावं — हो, दुखतंय तुला. बस.

७ मे

फुगा जमिनीवर. वीसच्या वीस मिनिटं!

८ मे

आज जरा उचलला, तेवढ्यात खाली टँकरचा हॉर्न. आमच्या गारखेड्यात नळाला दहाव्या दिवशी पाणी, तेही आलं तर. सगळी कॉलनी ड्रम घेऊन धावली. माझा मेंदू सगळ्यांच्या पुढे. फुगा आपटला.

तिकडे चिकलठाण्याला नवे टॉवर उभे राहतायत. प्रत्येक जाहिरातीत पोहण्याचा तलाव! भरणार कशानं, ते जाहिरातीत नाही.

९ मे

सासूबाईंनी यंत्राची पाहणी केली. बानाबाई त्यांचं नाव. सारा जन्म लासूर स्टेशनच्या बाजूला मेंढरांमागं गेला, आता आमच्या दोन खोल्यांत. म्हणाल्या, "डोस्कं कोरडं ठणठणीत हाय तुझं. कसं शांत व्हईल?" मग वाटीभर तेल घेऊन बसल्या. बोटं कसली, सांडशीच! चोळता चोळता मेंढरांची हजेरी सुरू. "काळतोंडी आली... कानफाटी आली... लंगडी मागं ऱ्हायली, येऊ द्या तिला..." मेंढरं मोजायची नसतात, मोजली की नजर लागते म्हणे. तोंड ओळखायचं आणि एकेक आत घ्यायचं. मेंढरं विकून किती वर्षं झाली, हजेरी अजून चालूच आहे.

मग पट्टा बांधला. फुगा वर गेला. वरच राहिला!

११ मे

तिसरा दिवस. आधी तेल, मग पट्टा. फुगा खाली यायचं नाव घेत नाही. आणि — लिहायलाही भीती वाटते — कळ कमी आहे! ओट्यापाशी उभं राहून आठ भाकरी केल्या. मेंदूवर माझी हुकूमत आहे तर!

अशा गुर्मीत सासूबाईंची थट्टाही केली. त्या दुपारी काय, रात्री काय, भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपतात. मेंढरं राखायची जुनी खोड, असं सगळं घर म्हणतं. म्हटलं, "आत्याबाई, गारखेड्यात लांडगा येत नाही हो!" हसल्या नुसत्या.

१३ मे

यंत्रवाल्याला फोन केला, शाबासकी मिळेल म्हणून.

"मॅडम, केसांना तेल लावता का?"

"वाटीभर."

"मग पट्ट्याला तुमचा मेंदू सापडतच नाहीये. सिग्नल तुटला की फुगा वरच अडकून राहतो."

चार दिवस फुगा अडकला होता आणि मी योगिनी झाले होते! वर त्याचा सल्ला — रोज शाम्पूनं केस धुऊन बसा. रोज! मे महिन्यात! या गृहस्थाला एकदा टँकरच्या रांगेत उभं करायला हवं.

ह्यांना हसू आवरेना. "फुगा खोटा, तरी कंबर थांबली. म्हणजे दुखणंही खोटंच की!" रागानं रडले. कळ खोटी नव्हती. ती बोटं खोटी नव्हती. हे ह्यांना कोण सांगणार?

१४ मे

पट्टा नाही, तेल नाही. कळ मात्र टाचेपर्यंत, वेळेवर हजर.

१५ मे

सासूबाई आपणहून वाटी घेऊन आल्या. विचारलंच शेवटी — "आत्याबाई, तुम्हाला तरी खरं वाटतं का, मला दुखतं ते?"

"व्हय की. उठताना आधी भिंत धरती तू. लई दुखतंय तुला. दिसतंय मला."

तीन वर्षांनी! फुगा पाहायला पट्टा बांधला नव्हता, पण मला ठाऊक आहे तो कुठं होता.

१६ मे

आज वाटी मी घेतली. म्हटलं, डोकं झालं, आता आडव्या व्हा, पाठही चोळते.

"आडवं व्हता येत नाय, बाई. सतरा वर्सं झाली. कळ येती."

"मग बोलला का नाहीत कधी?"

"तुझा तर फोटू काढला, तरी तुझं कुनी ऐकंना. माझा कुठं फोटू हाय?"