छपराचा अहवाल

बाबा,

रविवारी दुकानं सक्तीनं बंद ठेवण्याच्या ठरावाला तुम्ही पालिकेत हात वर केलात. देवाला जबरदस्तीची भक्ती नको, सरकारनं त्यात नाक खुपसू नये, असं तुम्हीच जन्मभर सांगत आलात. मोबदल्यात चर्चच्या छपराची दुरुस्ती मंजूर झाली.

"मग काय, पोरांच्या डोक्यावर पडू द्यायचं, अभियंताबाई?" मी जाब विचारला तेव्हा फोनवर तुम्ही चिडलात.

छप्पर धोकादायक असल्याचा अहवाल माझाच होता. काल आकडे पुन्हा तपासले. तुमचं चर्च म्हणून धास्तीनं मी सुरक्षेसाठीचा जादा भार दोनदा धरला होता. छप्पर भक्कम आहे.

सुधारित अहवाल आज देते आहे. हे पत्र मात्र पाठवणार नाही. तुम्ही लगेच माफ कराल, आणि ते मला झेपणार नाही.

तुमची,
धाकटी