लेकीच्या दाराचा गेटपास

सोमवार, दिनांक ६ जानेवारी २०२५

पासपोर्ट आले! दोन्ही. टपालवाल्याने ओळखपत्र पाहूनच हाती दिले, हे मला आवडले. माझी जन्मतारीख १ जून — आमच्या गावच्या गुरुजींनी पहिलीत येणाऱ्या प्रत्येक मुलाला दिलेली. सौ. सरुबाईची १ जानेवारी — ती आधारकार्ड काढणाऱ्याने दिलेली, कारण ती शाळेत गेलेलीच नाही. यावरून सौ.ने मला सांगितले की ती माझ्यापेक्षा पाच महिन्यांनी मोठी आहे. वर्षही पाहावे लागते, हे मी समजावले. तिने ऐकले नाही.

सायंकाळी धाकट्या लेकीचा, सरितेचा फोन. आमचे जावई अरविंदराव बार्बाडोस नावाच्या बेटावर एका हॉटेलात मुख्य आचारी आहेत. सरिता तेथेच हिशेब पाहते. नाशिक सोडून तिकडे गेल्यापासून भेट नाही.

"आबा, आता तिकीट काढा. इकडे यायला भारतीय पर्यटकाला व्हिसा लागत नाही."

माझा विश्वास बसला नाही. सिल्वासाजवळच्या नरोलीत कारखान्याच्या गेटवर मी नोकरीची सारी वर्षे काढली. मालकांचे जावई आले तरी गेटपास पाहिल्याशिवाय अडसर वर केला नाही. (त्यांनी तक्रार केली. मालकांनी मला शाल दिली.) आणि हा एक अख्खा देश — पासच मागत नाही! अशा ठिकाणी शिस्त ती काय असणार?

गुरुवार, दिनांक ९ जानेवारी

चिरंजीव समाधानने सुट्टी घेतली. आम्ही दोघे किलवणी नाक्यावर केदारच्या प्रवास कचेरीत गेलो. केदार म्हणजे येथील शाळेतल्या रत्नागिरीकर मास्तरांचा मुलगा. बोलण्यात नम्र, परंतु टेबलावर धूळ.

सरितेचे म्हणणे खरे निघाले. नव्वद दिवसांपर्यंत व्हिसा नको. परंतु — आणि हे ऐकून मला फार बरे वाटले — तेथील दारावरचा अधिकारी विचारू शकतो. पासपोर्टाची मुदत शिल्लक आहे का? परतीचे तिकीट आहे का? खर्चाची सोय काय? मुक्काम कोठे? शिवाय पोहोचण्याआधी संगणकावर एक फॉर्म. म्हणजे गेटपास आहेच! फक्त आपण घरून लिहून न्यायचा.

पिवळ्या तापाच्या लशीबद्दल मी विचारले. ती ज्या देशांत तो ताप आहे तेथून येणाऱ्यांना, आपल्याला नको, असे केदार म्हणाला. तरी दाखला जवळ असावा असे माझे मत पडले. "काका, नको असलेली सुई कशाला टोचून घेता?" हेही बरोबर.

एक गोष्ट मात्र मला पटलेली नाही. विमान लंडनमध्ये बदलायचे तर तेथे नुसते बाकावर बसण्यासाठीही व्हिसा लागतो! जेथे उतरायचे तेथे नको, जेथे उतरायचे नाही तेथे हवा. केदारने दुसरी वाट शोधली.

मग त्याने विचारले, "मुक्कामाचा पत्ता ताईंचाच ना?"

मी म्हणालो, नाही. लॉजचा पाहा.

केदारने समाधानकडे पाहिले. समाधानने पंख्याकडे पाहिले.

कारण येथे लिहून ठेवतो. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचे अन्नपाणी घ्यायचे नाही, ही आमच्या घराण्याची रीत. माझ्या वडिलांनी पाळली, मी पाळतो. थोरलीकडे बारशालाच जेवलो. सरितेच्या लग्नाला नऊ वर्षे झाली. ती नाशिकला असताना मी अनेकदा गेलो, पण येथून पाच लिटरचा कॅन भरून नेला, सोबत दशम्या आणि चटणी. एकदा तर चार दिवस राहिलो. आपल्या दमणगंगेचे पाणी, शेवटच्या घोटापर्यंत गोड! काटकसरीने वापरले की पुरते.

सौ. लेकीकडे काय खाते-पिते, हे मी कधी विचारले नाही. रीत बापाला आहे.

मंगळवार, दिनांक १४ जानेवारी

संक्रांत. सौ.ने सामान काढून मांडले — ज्वारीच्या बिबड्या, कुरडया, काळा मसाला, तिळाचे लाडू आणि लेकीची ओटी भरायला नारळ. मी सांगितले, परक्या देशात ताजी फळे, बिया, झाडपाला परवानगीशिवाय नेता येत नाही. बाकीच्या वस्तूही कागदावर कबूल कराव्या लागतात.

"पोरीची ओटी बिननारळाची भरू?"

यावर बराच वाद झाला. शेवटी फोनवर सरितेनेच तोडगा काढला. "आई, नारळ नको आणूस. इथे अंगणात पडतात. आबांच्या डोक्यात पडला नाही म्हणजे मिळवलं."

आम्ही तिघेही हसलो. समुद्रापलीकडून हसणे अगदी स्पष्ट ऐकू आले.

गुरुवार, दिनांक १६ जानेवारी

केदारकडून कळले की विमानात स्वतःजवळ पाणी बाळगता येत नाही. शंभर मिलिलिटरच्या वर काहीच नाही. मी कॅन दाखवला. तो बराच वेळ कॅनकडे पाहत राहिला. नियम आहे — माझी तक्रार नाही. लॉजमध्ये पाणी असणारच.

सोमवार, दिनांक २० जानेवारी

लॉज ठरले. सरितेच्या घरापासून चालत जाता येईल असे. रद्द करायचे झाल्यास मुदत आहे, असे केदारने न विचारता सांगितले.

सरितेला मी स्वतःच फोनवर कळवले. दिवसा तुझ्या घरी बसू, समुद्र पाहू, पत्ते खेळू. जेवणखाण आणि झोपणे लॉजवर.

"बरं, आबा," एवढेच म्हणाली. नंतर आईशी पुष्कळ वेळ बोलली. सौ.ने त्यातले मला काही सांगितले नाही.

बुधवार, दिनांक २२ जानेवारी

केदारने एक शंका काढली. लेकीचे घर असताना लॉज कशाला, असे अधिकाऱ्याने विचारले तर? शंका योग्य आहे. मी गेटवर असतो तर मीही विचारले असते. उत्तर तोंडी देण्यापेक्षा लेखी बरे, म्हणून दुपारी बसून अर्ज तयार केला. शुद्धलेखन दोनदा तपासले. नक्कल येथे उतरवतो.

'मा. प्रवेश अधिकारी, बार्बाडोस, यांचे सेवेशी. अर्जदार चिंधा झिपरू बाविस्कर, राहणार टोकरखाडा, सिल्वासा. विनंती अर्ज करतो की, अर्जदाराची कन्या आपल्या देशात राहते. परंतु तिला अद्याप मूल झालेले नसल्याकारणाने अर्जदार तिच्या घरचे पाणी घेऊ शकत नाही. सबब अर्जदाराचा मुक्काम लॉजवर राहील. कळावे.'

चौथी उत्तीर्ण माणसाने लिहिलेला आहे हे सांगूनही कोणी मानणार नाही. समाधान कारखान्यातून आल्यावर इंग्रजी करून देण्यासाठी त्याच्याकडे दिला.

गुरुवार, दिनांक २३ जानेवारी

समाधानने अर्ज परत दिला. इंग्रजी केलेले नाही.

मी कारण विचारले. तो चहा पीत होता. कप खाली ठेवला. तो माझ्यासमोर कधी आवाज चढवत नाही, आजही चढवला नाही.

"आबा, मराठीत वाचलं तेव्हा काही वाटलं नाही. आपली सवय. इंग्रजीत लिहायला बसलो, तर एका परक्या माणसाला मी माझ्या बहिणीबद्दल काय सांगतोय ते दिसलं. ते कागदावर नाही लिहिणार मी."

मी म्हणालो, मग केदारकडून करून घेईन.

"घ्या. पण तोही विचारेल. आणि तिथे शंका आली तर सरितालाच आत बोलावतील, आणि तो साहेब तिच्यासमोर मोठ्याने वाचेल."

शुक्रवार, दिनांक २४ जानेवारी

लिहिण्यासारखे काही नाही. भरीत होते. मिरची जास्त.

शनिवार, दिनांक २५ जानेवारी

अर्ज पुन्हा वाचला. शुद्धलेखनात चूक नाही. 'अद्याप मूल झालेले नसल्याकारणाने' या ठिकाणी दुसरे शब्द घालून पाहिले. कोणतेही घातले तरी तेच होते.

रविवार, दिनांक २६ जानेवारी

सकाळी शाळेत झेंडावंदन. इस्त्रीची टोपी. केदारचे वडील भेटले. त्यांना व्हिसाचे सर्व नियम मीच समजावून सांगितले. ते म्हणाले, बाविस्करांना सगळे पाठ आहे. ते खरेच आहे.

घरी येऊन सौ.लाही तेच सांगू लागलो — अख्खा देश, पण व्हिसा लागत नाही, दार उघडे. ती मेथी निवडत होती. वर न बघता म्हणाली,

"त्या देशात जायला व्हिसा लागत नाही म्हणता. मग माझ्या पोरीच्या घरात जायला कशाला लागतो तुम्हाला?"

मी म्हणालो, ही तुलना चुकीची आहे.

"असंल. मी शाळेत नाही गेली." पुढे ती मेथीच निवडत राहिली.

मी गॅलरीत जाऊन बसलो. गेटवरची इतकी वर्षे आठवली. ज्याच्याजवळ पास नसे त्याला मी बाहेर उभे करी. परंतु पास मिळण्याचा काही मार्ग तरी असे — कचेरीत जा, सही आणा. सरितेला मी कोणती खिडकी दाखवली? पोर होणे तिच्या हातात आहे काय? नाशिकला दवाखान्यांच्या किती पायऱ्या चढली, हे मला ठाऊक आहे. मी तेव्हा बाहेर रिक्षात बसत असे, मांडीवर कॅन घेऊन.

वडील असते तर काय म्हणाले असते? रागावले असते. परंतु ते आमच्या गावाबाहेर कधी गेले नाहीत, आणि त्यांना फॉर्म भरावा लागला नाही.

सोमवार, दिनांक २७ जानेवारी

केदारकडे एकटाच गेलो. लॉज रद्द करावयास सांगितले. तो मुदत आहे म्हणाला, आणि फार भरभर रद्द केले — विचार बदलेल की काय अशी भीती असावी.

नंतर फॉर्म. बार्बाडोसमधील पत्ता. मी उभा राहून एकेक अक्षर सांगितले, त्याने टंकले. घराचे नाव, रस्त्याचे नाव, सरितेचे नाव. नाते — कन्या.

घरी काहीच बोललो नाही. समाधानला कसे कळले कोण जाणे! जेवताना माझ्या ताटात त्याने न विचारता लिंबू पिळले. लहानपणी तो परीक्षेत पास झाला की मी त्याच्या ताटात असेच पिळीत असे.

मंगळवार, दिनांक ४ फेब्रुवारी

अर्ज फाडणार होतो. नीट लिहिलेला कागद फाडवत नाही. मागची बाजू कोरी होती, तेथे सौ.च्या सामानाची यादी लिहिली. कामास आला.

सोमवार, दिनांक १० फेब्रुवारी

विमानात. खिडकी सौ.ला दिली. हवाईसुंदरीने पाणी विचारले, सौ.ने दोनदा घेतले आणि फुकट आहे का, हे मला विचारले. मी होय म्हणालो. मग तिसऱ्यांदा घेतले.

कॅन रिकामा करून बॅगेत ठेवला आहे. का आणला, ते मलाही सांगता येणार नाही.

मंगळवार, दिनांक ११ फेब्रुवारी

बार्बाडोस! जावईबापू गाडी आणावयास गेले आहेत, सरिता आईला धरून उभी आहे. बाकावर बसून लिहीत आहे.

दारावर एक बाई होत्या. गणवेश कडक, बिल्ला सरळ — पाहताच मान दिला. पासपोर्ट, परतीचे तिकीट, फॉर्म, सर्व क्रमाने पुढे ठेवले. त्यांनी मुक्कामाचे विचारले. समाधानने शिकवलेले दोनच शब्द मी मोठ्याने म्हटले: "डॉटर. हाउस."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, हसल्या, शिक्का मारला. शिक्का सरळ! तिरका शिक्का मी आयुष्यात कधी चालवून घेतला नाही.

पुढच्या टेबलावर सामान तपासले. मी एकेक बिबडी कबूल केली. तेथील साहेबांनी काळ्या मसाल्याचा वास घेतला आणि बराच वेळ शिंकले. मग जा म्हणाले.

तोच दिवस, सायंकाळी

सरितेच्या घरी पोहोचलो. अंगणात खरेच नारळ पडलेले. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. तिचा हात मध्येच थांबला, मागे जाऊ लागला — सवयीने. मी टोपी सरळ केली आणि तांब्या घेतला. सगळा प्यालो. मग म्हणालो, "तुझ्या घरचे पहिले पाणी."

सौ.ने पदर तोंडाला लावला. रडते आहे असे वाटले, हसत होती. सरिता एकाच वेळी दोन्ही करीत होती.

"पहिलं कुठलं, आबा? नाशकात तुमचा कॅन दुसऱ्या दिवशीच संपायचा. तुम्ही फिरायला गेलात की मी भरून ठेवायचे. दर वेळी."

म्हणजे इतकी वर्षे मी दमणगंगेची जी स्तुती केली, ती चुकीच्या ठिकाणी केली. पाणी शेवटच्या घोटापर्यंत गोड होते, एवढे मात्र मी बरोबर लिहिले होते.