रुक्मिणीबाईंच्या खोलीला कुलूप न लावण्याबाबत

मी, वनमाला रामेश्वर चौरे, वय ५६, धंदा कचेरीबाहेर लिंबाखाली दस्त टाइप करणे, राहणार बीड, हे मृत्युपत्र स्वतः टाइप करून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या भाडेकरू रुक्मिणीबाई यांचं याबाबत वेगळं मत आहे, ते जोडलेलं नाही. मला कोणी धमकावलेलं नाही, फूस लावलेली नाही, काही पाजलेलं नाही. सकाळचा चहा माझा मीच केला होता.

येत्या १७ फेब्रुवारीस छत्रपती संभाजीनगर येथे माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, फक्त इथं सही करा. आमच्या टेबलावर जो कोणी असं म्हणतो, त्याचा कागद मी गिऱ्हाइकाला दोनदा वाचायला लावते. म्हणून हा खटाटोप.

लोकांची मृत्युपत्रं टाइप करण्यात माझी उमर गेली. माणूस शेत बांधाबांधानं नीट वाटतो आणि विहिरीचं लिहायचं विसरतो. मग पोरं विहिरीवरून कोर्टात म्हातारी होतात. माझ्या इस्टेटीतली विहीर म्हणजे मागची खोली. तिच्यावर येतेच, पण आधी किरकोळ बाबी.

१. माझा टाइपरायटर शेजारच्या टेबलावरच्या सुनिताला द्यावा. तिच्याकडे कॉम्प्युटर आहे, पण कॉम्प्युटर लाइट गेल्यावर गप्प बसतो आणि बीडमध्ये लाइट जाते. मशीन अडलं तर त्याला शिव्या द्याव्यात, मात्र हळू आवाजात. ते माझ्या नवऱ्याच्या हातचं आहे, त्याला मोठ्या आवाजाची सवय नाही.

२. माझ्या दोन पाटल्या नवऱ्याच्या पुतण्याची, म्हणजे अजिनाथची, बायको वर्षाराणी हिला द्याव्यात. "काकू, ही फॅशन आता कोणी घालत नाही," असं ती म्हणाली होती. तरी तिलाच. मोडून नवं केलं तर मी बघायला येणार नाही.

३. बँकेतून दवाखान्याचं आणि माझ्या शेवटाचं भागवून जे उरेल ते अजिनाथचं. तेराव्याला बुंदी करू नये. मला कधीच आवडली नाही, लोकांच्या तेराव्यात भिडेखातर खाल्ली.

४. मधल्या खोलीत पूर्वी बंकट सर राहत. 'चारित्र्य घडवणारे क्लासेस' अशी त्यांची पाटी होती. खोली सोडताना त्यांनी बल्ब नेले, पंखा नेला, नळाच्या तोट्या नेल्या, संडासाची कडी नेली. दार नेलं नाही, कारण ते टेम्पोत बसेना. त्या पंख्याचा रेग्युलेटर मात्र भिंतीत राहिला. तो काढून सरांना पोचता करावा. इतकी वर्षं त्यांच्या डोक्यावर पंखा एकाच वेगानं फिरतोय, थंडीत हाल होत असतील.

५. राहतं घर, पुढच्या दोन खोल्या, मधली एक, मागची एक, गच्ची आणि अंगणातला नळ, हे सर्व अजिनाथला. अजिनाथ, तू वाईट नाहीस. तुला इथं कोचिंगच्या पोरांसाठी हॉस्टेल बांधायचंय हे मला ठाऊक आहे. बांध. पण आधी पुढचं कलम वाच, आणि वकिलाला न दाखवता वाच, म्हणजे समजेल.

६. मागच्या खोलीत रुक्मिणीबाई गवते राहतात. मूळच्या नेकनूरकडच्या. दोन्ही मुलं दसऱ्यानंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, तेव्हा नातवंडांची शाळा बुडू नये म्हणून त्या पोरांना घेऊन बीडला आल्या. नातवंडं शिकली, नोकरीला लागली, गेली. रुक्मिणीबाई राहिल्या. गावाकडं घर आहे, पण त्याला अर्धं वर्ष कुलूप असतं. सध्याही आहे. मुलं कर्नाटकातल्या फडावर आहेत.

भाडेकरू म्हणून त्यांच्यासारखी कटकट मी दुसरी पाहिली नाही. नळाला पाणी आलं की त्यांची घागर आधी, माझी बादली नंतर. माझ्या गच्चीवर कुरडया घालतात आणि गच्चीला कुलूप स्वतःचं लावतात. बोळीत चूल पेटवून माझी भिंत काळी केली. बोलायला गेले तर म्हणाल्या, "भित हाय, नवरी न्हाई. काळी झाली तर काय बिघडलं?"

मात्र नवरा गेला तेव्हा मी बोलायचं सोडून दिलं होतं. येणारे लोक हळू बोलत, मला समजावत, निघून जात. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी नळ आला. रुक्मिणीबाईंनी माझी बादली लाथेनं बाजूला सारली आणि ओरडल्या, "मालकीनबाई, मेल्यावानी काय बसलाव? पानी भरायचं न्हाई तर नळ सोडा!" मी उठले आणि त्यांना जे बोलले ते या कागदावर टाइप करता येणार नाही. त्या ऐकून घेत होत्या आणि माझीच बादली भरत होत्या.

आता मुद्दा. आमच्याकडं करार अकरा महिन्यांचा. भाडेकरू सलग वर्षभर राहिला की कूळ लागतं, असं माझा नवरा सांगायचा. त्याला त्याच्या वडिलांनी सांगितलेलं. मी कचेरीत जन्म काढला, कायद्यात हे मला अजून सापडलेलं नाही, पण पाळत आले. करार संपला की भाडेकरूनं सगळं सामान बाहेर काढायचं, खोलीला मालकाचं कुलूप, दुसऱ्या दिवशी नवा करार, सामान परत आत. बाकीचे भाडेकरू त्या एका दिवसापुरते पाहुण्यांकडं जात. रुक्मिणीबाईंना बीडमध्ये पाहुणे नाहीत. त्या पहिल्याच वर्षी ट्रंक, गादी, चूल-भांडी घेऊन सरळ माझ्या पुढच्या खोलीत आल्या. तेव्हापासून दर अकरा महिन्यांनी भाडेकरूला घराबाहेर काढून मी स्वतःच्या घरात घेते. त्या दिवशी बाजरीची भाकरी आणि ठेचा त्या करतात. मी नावं ठेवून खाते.

चालू करार २० फेब्रुवारीला संपतो.

मागच्या रविवारी अजिनाथ आला. चहा अर्धा झाल्यावर म्हणाला, "काकू, म्हातारीचा करार कधी संपतोय?"

"वीस तारखेला."

"बरं. मग काय, ती स्वतःच रिकामी करून देती. आपण फक्त कुलूप बदलायचं. ना भांडण, ना कोर्ट."

"मी दवाखान्यात असेन रे तेव्हा."

"म्हणूनच म्हणतो, तुम्हाला कशाला तरास?"

अजिनाथ, तू हे प्रेमानंच म्हणालास. म्हणून मला ते जास्त लागलं.

तो गेल्यावर मी रुक्मिणीबाईंना सांगितलं, या खेपेला सामान काढू नका.

"कावून? इतकी वर्सं काढलं, आताच कावून न्हाई? म्या काय फुकटी हाय का? करार म्हंजी करार."

"अजिनाथ कुलूप लावील."

"लावू दे. म्या तुमच्या म्होरल्या खोलीत असन की."

"आणि मी परत आलेच नाही तर?"

त्या उठून कोरडा नळ सोडून बघून आल्या.

सबब, माझ्या मृत्यूनंतर मागच्या खोलीत राहण्याचा तहहयात हक्क मी रुक्मिणीबाई गवते यांना देते. हॉस्टेल बांधायचं ते त्या खोलीला धक्का न लावता बांधावं. नळाचं पाणी आधी त्यांचं. वीस तारखेला खोली रिकामी दिसली, तर ती सोडली असं कोणी समजू नये. ती आमची रीत आहे. त्या ऐकणार नाहीत, सामान काढतीलच, हे गृहीत धरून पुढं लिहिते: त्या दिवशी त्यांचं सामान घराच्या ज्या खोलीत असेल, त्या खोलीवरही त्यांचा तोच तहहयात हक्क लागू होईल, आणि ते मागच्या खोलीत परत लागेपर्यंत राहील. अजिनाथ, पुढच्या दोन्ही खोल्या मोकळ्या हव्या असतील तर ट्रंक तूच उचल. जड आहे. वर्षाराणीला दुसऱ्या बाजूनं धरायला सांग.

७. वरील कलम मी रुक्मिणीबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी हरकत घेतली, ती नोंदवते.

"फुकट ऱ्हानार न्हाई. भाडं देनार."

मान्य. आहे तेच भाडं त्या अजिनाथला देतील आणि तो मुकाट्यानं पावती देईल.

"साक्षीदार म्हनून माजा अंगठा घ्या."

ज्याला मिळायचं त्यानं साक्ष देऊ नये, असं मोहनराव वकील म्हणाले. यावर त्या वकिलाच्या शिक्षणाबद्दल जे बोलल्या ते वकिलांसमोरच बोलल्या.

मग भिंतीकडं बघून म्हणाल्या, "हे समदं ठीक हाय. पर तुमी न्हाई आलाव तर म्या भांडू कुनाशी?"

"अजिनाथ आहे की."

"त्याच्याशी काय भांडनं! काय बी म्हना, 'बरं' म्हनतो. तसल्या मानसाशी जीव रमत न्हाई."

ही हरकत मी आहे तशी टाइप केली.

८. पुढचं मृत्युपत्रात बसत नाही, कारण ते मी जगले तरच लागू होईल. तरी लिहिते, कारण रुक्मिणीबाईंना माझं बोलणं पटत नाही, टाइप केलेलं पटतं. दवाखान्यातून मी घरी आले, तर महिनाभर मला पाणीसुद्धा उचलता येणार नाही. तेव्हा वीस तारखेला सामान काढायचंच असेल तर काढा. पुढच्या खोलीत, माझ्या पलंगाशेजारी लावा. दुसऱ्या दिवशी परत न्यायची घाई करू नका. नवा करार मी बरी झाल्यावर टाइप करीन, आणि मी लवकर बरी होणार नाही.

हे सर्व मी वाचलं, समजलं आणि खाडाखोड न करता खाली सही केली. साक्षीदारांनी माझ्यासमोर व मी त्यांच्यासमोर सही केली. त्या वेळी रुक्मिणीबाई दारात उभ्या राहून, मशीनवरून उठा आणि गोळी घ्या, असं ओरडत होत्या.

ठिकाण : बीड
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२६

(सही) वनमाला रामेश्वर चौरे

साक्षीदार :
१. (सही) ॲड. मोहनराव दगडू मिसाळ, बीड
२. (सही) आश्रुबा किसन घोलप, चहावाले, कचेरीसमोर, बीड