फळीवरचं गाठोडं

३ फेब्रुवारी

आज बाळाची खोली साफ करायला काढली! खोली कसली, अडगळच. तुटकी सुपं, फाटक्या चटया, गुरुदासच्या कॉलेजच्या वह्या — नवरा काही टाकून देईल तर शपथ. सातवा महिना, सासूबाई ओरडतील, म्हणून त्या देवळात गेल्यावर सुरुवात केली. जळणारं सगळं न्हाणीच्या चुलीत. फळीवर लाल फडक्यात काहीतरी बांधलेलं होतं. नारळाची सोडणं, सुकी सालं असतील — तेही सरकवलं. फट्कन आवाज झाला, दचकलेच. पाणी मात्र काय तापलं! मनसोक्त अंघोळ केली.

४ फेब्रुवारी

जेवताना गुरुदास म्हणाला, "खोली साफ कर, पण फळयेवरच्या नारळाक हात लावू नको. आयेन देवाक सांगणा करून ठेवलेलो आसा. तू बाळंत होयसर."

मी विचारलं, "कधी ठेवला?"

"तुका दिवस गेले तेवा."

बाळंत होईपर्यंत जपायचा, देवाला गाऱ्हाणं घालून ठेवलेला नारळ जाळला, आणि त्याच पाण्याचे तांबे पोटावर ओतून घेतले!

५ फेब्रुवारी

सकाळपासून हललं नाही. आधीची दोन्ही सातव्यातच गेली. मी नववीला विज्ञान शिकवते. असल्या गोष्टींना हसणारी मी — आणि आज बसल्या जागी घाम फुटलाय. भीती वाटते. फार भीती वाटते.

दुपारी हललं. जरासंच.

७ फेब्रुवारी

डॉक्टरीण म्हणाली, ठोके चांगले आहेत. गेल्या वेळीही आदल्या आठवड्यात चांगलेच होते.

८ फेब्रुवारी

परसातला नारळ सोलला. लाल ब्लाउजपीसात बांधला, वरून धूळ चोळली, फळीवर ठेवला. देवालाच फसवायला निघालेय! हात धुतले तरी धुतल्यासारखे वाटेनात.

११ फेब्रुवारी

सासूबाई खोलीत आल्या. गाठोडं काढलं, कानाशी नेऊन हलवलं. आत पाणी खळखळलं! इतके महिने ठेवलेला नारळ आतलं पाणी आटून सुकतो, त्याचा गोटा होतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मला कसं सुचलं नाही? त्यांनी माझ्याकडे बघितलं, गाठोडं परत ठेवलं आणि गेल्या. गुरुदासला सांगतील? देवळात जातील? पोटावरचा हात काढवत नाही.

१२ फेब्रुवारी

सासूबाईंनी तो नारळ फोडून सोलकढी केली. वाटी पुढे सरकवून म्हणाल्या, "आदल्या दोनय वेळा सांगण्याचो नारळ जाग्यारच होतो गो. तुका सांगूक नाय. पी."

मी वाटी रिकामी करेपर्यंत त्या समोर बसून राहिल्या.