पाळण्याचं शिसव

मंगळ., ४ नोव्हें.
मस्कतची नोकरी सुटून किती वर्षं झाली, पण तिथं शिकलेला ऊद (अरबी तंतुवाद्य) सुटला नाही. जुना आता नुसता डबा वाजतो. नवा करून घेणार, स्वतःच्या मापाचा. शिवाजीनगरला रेहानाकडे गेलो. इंजिनिअरिंग सोडून वाद्यं बनवते, चहा चांगला पाजते. उदाचं पोट म्हणजे आपल्या तंबोऱ्याचा भोपळाच, फक्त लाकडाच्या पातळ पट्ट्या वाकवून जोडलेला. त्या पट्ट्या कशाच्या, हे ठरवायचंय. अक्रोड की शिसव.
"अखरोट मीठा बोलता अंकल, शीशम साफ बोलता. पुराना सूखा शीशम मिला तो पूछो नक्को."
जुनं, सुकलेलं शिसव घरातच टांगलेलं आहे. परत येताना रिक्षात तेच डोक्यात.

गुरु., ६
पाळणा. आईच्या खोलीतला. ऋचा सतराला बाळंतपणाला येतेय, पण तिनं ऑनलाइन चाकांचा मागवलाय. "साखळ्यांचा नको हं अण्णा, मला भीती वाटते." (लेक असून अण्णाच म्हणते, लहानपणापासून.) मग याचं करायचं काय?
पाळणा रिकामा ठेवू नये म्हणून आईनं त्यात वरवंटा निजवलेला असतो, टोपडं घालून. माझ्याआधीचा मुलगा बारशाआधीच गेला. नाव नव्हतंच. तेव्हापासून. मी झालो तेव्हा वरवंटा बाहेर, मी चालायला लागलो की पुन्हा आत. ऋचाच्या वेळी तसंच.
बायको, नलिनी, म्हणाली, "आईंना विचारा तरी." विचारलं. आई म्हणाली, सरी. म्हणजे इथल्या कन्नडातलं 'बरं'. हल्ली ती सगळ्यालाच सरी म्हणते.

शनि., ८
टेम्पोवाला आला, पाळणा नेला. वरवंटा काढून स्वयंपाकघरात ठेवला. आईनं तो उचलून आणला आणि मांडीवर घेऊन बसली.
"रिकामा हलवलास?"
"हलवला नाही आई, उचलून दिला."
"टेम्पोत हलला असेल."
जे. पी. नगर ते शिवाजीनगर, खड्डेच खड्डे. हसू आलं, पण नलिनी हसली नाही.

मंगळ., ११
रेहानाचा फोन, या म्हणून. गेलो. पाळणा सुटा केलेला. एका लांब फळीची पट्टी कापून, ओली करून, तापल्या नळीवर वाकवलीसुद्धा. काम सुरेख. पण ती नेहमीसारखी बोलत नव्हती.
"सुनो आप." फळी दोन बोटांत धरून टिचकी मारली. मग दुसरी, आखूड. मग पायाकडची, अगदी लहान. मग वाकवलेली पट्टी.
सगळ्यांतून एकच सूर. काळी दोनच्या जरा खाली.
लहान-मोठ्या, जाड-पातळ लाकडांतून एकच सूर निघणं शक्य नाही. मी स्वतः मारून बघितल्या. फोनवर स्वर ओळखणारा ट्यूनर लावून बघितला. तोच.
"ऐसा नै होता अंकल. बनाऊं?"
थांब म्हणालो.

बुध., १२
आई वरवंटा खाली ठेवत नाही. जेवतानाही डावा हात त्याच्यावर. आणि गुणगुणते. गाणं नाही, एकच स्वर, लांब. थांबते, ऐकते, पुन्हा.
ट्यूनर लावला. काळी दोनच्या जरा खाली.
ती रेहानाच्या कारखान्यात गेलेली नाही. मी घरात गुणगुणलो असेन, तिनं उचललं असेल. असंच असणार. न.ला सांगितलं नाही.

गुरु., १३
सांगितलं. न. म्हणाली, "आपली मुलगी पोटुशी आहे, आणि तुम्ही रिकामा पाळणा गावभर हलवलात. मला लाकूडबिकूड कळत नाही. आजच्या आज परत आणा."
मी शिकलेला माणूस, वगैरे म्हणायचं होतं. पण खरंच घाबरलोय. ऋचाला काही झालं तर? रेहानाला फोन. अक्रोड पक्का, पाळणा परत जोडून दे.
"वो एक फळी तो गई अंकल."
आहे तसा दे म्हणालो.

शनि., १५
पाळणा आला, टांगला. एका बाजूची वरची फळी नाही, तिथं नुसती फट. आईनं फटीतून हात घालून बघितला.
"इथनं पडेल तो."
"दुसरी बसवू आई. आता वरवंटा दे, ठेवू आत."
"स्वल्प थांब. ती येऊ दे."
पहिल्यांदाच पाळणा घरात रिकामा. पंखा बंद केला, खिडकी लावून घेतली. तरी खोलीत जाताना नजर आधी साखळ्यांकडे जाते.

रवि., १६
रेहानाचा फोन. वाकवलेली पट्टी तिनं भिंतीवर टांगून ठेवली होती. आज सहज टिचकी मारली तर नुसती टकटक. "अब नै बोल रही."
फोन ठेवून पाळण्याच्या फळ्या वाजवून बघितल्या. नुसतं लाकूड. मोठीचा आवाज वेगळा, लहानीचा वेगळा. जसं असायला हवं तसं.
आईचं गुणगुणणंही बंद. बरं वाटायला हवं होतं.

सोम., १७
ऋचा आली. ठणठणीत आहे, रिपोर्ट सगळे चांगले. न.च्या डोळ्यांत पाणी.
आई उठली, कोणाचा हात न धरता. ऋचाच्या पोटावर तळवा ठेवून कितीतरी वेळ उभी. मग वरवंट्याचं टोपडं काढलं, स्वतः नळाखाली धुतला आणि पाट्यावर नेऊन ठेवला. "आता नाही लागायचा." न.ला वाटलं, आईंची भीती गेली. तिनं देवापुढं साखर ठेवली.
चहा झाल्यावर ऋचा सोफ्यावर पाय पसरून पडली, पोटावर हात, आणि गुणगुणायला लागली. एकच स्वर, लांब.
"कुठलं गं हे?"
"काय की अण्णा. ट्रेनमध्ये सुरू झालं. हा लाथ मारायला लागला की येतं आपोआप."
"हा कशावरून? ही असेल."
"आजी म्हणाली ना आत्ता. तो म्हणून."
आईकडे बघितलं. ती ऋचानं सोबत आणलेली टोपडी घडी घालून ठेवत होती. खुशीत.
ट्यूनर उघडला होता. फोन हातात होता. ऋचा गात होती. स्क्रीन उताणी करून बघायची, बस एवढंच. पालथाच खिशात टाकला.
रेहानाचा मेसेज: अखरोट काटूं? अजून उत्तर दिलेलं नाही.