हरणीची मिठाची वीट

ती. रतनअक्का हिस,

निमगावहून महिपतीचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आणि दाजींचा खोकला आटोक्यात असेल असं धरून चालतो. इकडं माझ्या किडन्या सोडल्या तर सगळ्यांचं बरं आहे. (फोनच केला असता, पण तुझी भावजय चंद्रा तो स्पीकरवर लावून भाकरी थापते.)

चैत्रात बारामतीच्या डॉक्टरांनी बजावलं की किडन्या निम्म्याहून कमी चालतात, मीठ आणि भाज्यांतलं पोटॅशियम सांभाळलं तर डायलिसिस लांब ठेवता येईल. त्या दिवसापासून चंद्रानं लोणचं, पापड, खर्डा सगळं माळ्यावर टाकलं. बटाटा चिरून भिजवायचा, उकडायचा, पाणी मोरीत ओतायचं आणि उरेल ते मला वाढायचं. (चव पाण्याबरोबरच जात असावी.) दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी गोठ्यात गेलो, तर आपली हरणी डोळे मिटून मिठाची वीट चाटत होती. तुला म्हणून सांगतो, मला त्या गायीचा हेवा वाटला.

मग महिनाभर रोज धारेच्या वेळी मी त्या विटेला दात लावत होतो. वीट भराभर झिजायला लागली तशी चंद्रा घाबरली आणि गायीला काही कमी पडतंय म्हणून तिनं जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी हरणीचा ताप पाहिला, पोट चाचपलं, शेवटी वीट उजेडात धरली आणि म्हणाले, "मामी, गाय ठणठणीत हाय. पर हितं वरच्या दातांच्या खुणा हायत, आन् गायीला वरचं म्होरचं दात नसत्यात." जन्म गोठ्यात गेला माझा, अक्का, आणि एवढं ध्यानात राहिलं नाही. चंद्रानं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटून घेतलं.

भांडली असती तर बरं झालं असतं, पण ती भाकरी थापायला निघून गेली. त्याच आठवड्यात ती पाणी आणायला उठली तेव्हा मी तिच्या ताटातलं वांगं पळवलं, निदान त्यात तरी मीठ असेल म्हणून. तेही अळणीच. विचारलं तर म्हणाली, "तुमच्याम्होरं चवीचा घास माज्या गळ्याखाली उतरत न्हाय." मला फार लाज वाटली आणि रडूही आलं (ते कांद्यावर ढकललं). तेव्हापासून विटेला शिवलो नाही. लसूण, जिरं घालून केलेलं आता गोडही लागतं. गेल्या आठवड्यात तपासणी झाली, क्रिएटिनिनचा आकडा वाढायचा थांबलाय. डॉक्टर म्हणाले, असंच चालू द्या.

तुझा धाकटा,
महिपती

ता. क. : खरं काम आता लिहितो. चंद्रा अजून माझ्यासारखंच अळणी खाते, ऐकत नाही. श्रावण लागायच्या आत तू आजारी असल्याचं सांगून तिला दोन दिवस भिगवणला बोलावून घे आणि चिलापी माशाचं कालवण मीठ घालून पोटभर खाऊ घाल. माझी काळजी नको, भाजी उकडून पाणी टाकायला मी शिकलोय. तिला यातलं काही कळू देऊ नकोस.

ता. क. दुसरा (चंद्राच्या हातचा) : वन्सं, पाकीट डकवाया ह्यांनी भाताची शितं मागितली, तवाच वळखलं आन् उघडून वाचलं. आजारपणाचं सोंग करू नगा, मी शनवारी येतेच. कालवण करा. हरणी दोन दिस अळणी खाईल, इट मी संगं आणते.